कडी बाहेरच्या अंगाला

ज्या मुलखात प्यायला पाणी नाही, तिथं माणसानं जहाजाचं इंजिन करायला घ्यावं, याला काय म्हणायचं? खूळच म्हणायचं, आणि गाव म्हणतच होतं. बहात्तर सालचा दुष्काळ. सगळी माणसं खडी फोडायला गेलेली, ऊस नाही म्हणून ढोकीच्या साखर कारखान्याची चाकं थंड पडलेली. आणि तिथला फिटर कोंडीराम रिकाम्या वर्कशॉपात, साहेबाची परवानगी काढून, लेथवर पितळेचे तुकडे कातत बसलेला. लोक हसले. त्यांचं काय जातं हसायला! त्यांना कुठं माहीत होतं, की हा बाबा एका म्हातारीच्या तांब्याचं देणं फेडतोय.

कोंडीराम तरुणपणी मुंबईहून सुटणाऱ्या एका जुन्या, कोळशावर चालणाऱ्या जहाजावर होता. गावातून दोघं गेले होते. कोंडीराम बौद्धवाड्यातला, आणि वीरभद्र लिंगायत गल्लीतला, विधवा मल्लम्माचा एकुलता एक. गावात दोघांचे पाणवठे वेगळे. जहाजावर मात्र पाणी प्यायला दोघांत मिळून एकच टमरेल. एकसष्ट साली बॉयलरची नळी फुटली आणि वीरभद्र वाफेत भाजून मेला. त्याला समुद्रातच सोडलं. कोंडीराम त्याचं गाठोडं घेऊन एकटाच गावी आला.

लिंगायतात मेलेल्याला बसवून मातीत ठेवतात, वर समाधी करतात, तिच्यावर पाणी घालतात. मल्लम्माला ना माती मिळाली, ना समाधी. तिनं एवढंच विचारलं, शेवटी त्याच्या तोंडात पाणी तरी कुणी घातलं का? आणि कोंडीराम बोलून गेला, "व्हय अव्वा. म्याच पाजलं. माझ्या मांडीवरच गेला."

झालं. जीभ घसरली ती घसरलीच.

आता या पाण्याची गोष्ट नीट ऐका. त्या वेळी बौद्धवाड्यातल्या माणसानं गावात पाणी मागितलं, तर त्यानं ओंजळ धरायची आणि देणाऱ्यानं वरून ओतायचं, भांड्याला बोट लागू द्यायचं नाही. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर कोंडीरामनं आणि त्याच्या बापानं ठरवलं होतं, घसा वाळून मरू, पण कुणापुढं ओंजळ धरायची नाही. आणि आता मल्लम्मा भर उंबऱ्यात उभी राहून स्वतःचा तांब्या त्याच्या हातात द्यायला लागली. गल्लीनं नाकं मुरडली. म्हातारीनं एकेकाला असं झापलं, की ज्या हातानं माझ्या लेकराला पाणी पाजलं, तो हात माझा तांब्या बाटवत नसतो. पुढं कोंडीरामच्या लग्नात तीच वरमाईसारखी मिरवली.

कोंडीरामला त्याचं सुख वाटायचं, आणि तेच आतून खायचं. संध्याकाळी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या ओळीशी त्याची जीभ रोज अडखळायची. कारण घडलं होतं ते निराळंच.

जहाजात बॉयलरची खोली आणि इंजिनाची खोली यांच्यामध्ये लोखंडी भिंत होती. भिंतीला एकच दार. नळी फुटली तेव्हा वीरभद्र आत कोळसा टाकत होता आणि कोंडीराम अलीकडं, दाराशी उभा होता. वरून साहेब ओरडला, दार लाव. वाफ अलीकडं आली असती तर आणखी सात माणसं गेली असती, हेही खरंच. कोंडीरामनं दार ओढलं आणि कडी घातली. पाणी पाजायला तो तिथं होताच कुठं?

दहा वर्षांनी मल्लम्मानं त्याला सांगितलं, की मरायच्या आधी एकदा बघायचंय, माझं लेकरू कुठं उभं राहत होतं, काय चालवत होतं. तिनं समुद्रच काय, मोठं तळंसुद्धा धड पाहिलेलं नव्हतं. कोंडीराम म्हणाला, करून दाखवतो. नाही म्हणता आलं असतं त्याला. पण तो तांब्या हातात धरून नाही कसं म्हणणार?

वर्षभर खपला. तीन नळकांडी, एक लहान, एक मधलं, एक मोठं. एकातली वापरलेली वाफ दुसऱ्यात आणि दुसऱ्यातली तिसऱ्यात, अगदी जहाजावर होतं तसं. दट्टे भंगारातल्या पितळेचे, मधला दांडा ट्रॅक्टरच्या मोडक्या पिनेचा. बॉयलरला बायकोचं, पुतळाबाईचं तांब्याचं घंगाळ कापलं. त्यावरून घरात आठ दिवस अबोला झाला. खाली स्टोव्हचा बर्नर. वीतभर उंचीची शिडी, तिला चौदा पायऱ्या, कारण तिथं चौदाच होत्या.

मधली भिंत त्यानं शेवटाला ठेवली. भिंतीवाचूनही इंजिन फिरलं असतं, कोण विचारणार होतं? पुतळाबाई म्हणालीसुद्धा, एवढ्यानं काय अडलंय. पण तोंडानं खोटं बोललेल्या या माणसाला हातानं खोटं करता येईना. पत्र्याची भिंत केली, तिला काडेपेटीएवढं दार केलं, आणि दाराला कडी केली. जिथं होती तिथंच बसवली.

इंजिन घरी आणलं, पण पाण्याचं मोठं अवघड झालं. विहिरीचा तळ खरवडून आलेल्या गढूळ पाण्यानं बारीक नळ्या तुंबायच्या. टँकरचं पाणी माणशी मोजून मिळायचं. घरात पोरं तहानलेली असताना पाणी उकळून हवेत सोडायचं म्हणजे पाप, असं पुतळाबाईनं तोंडावर सांगितलं, आणि ती बरोबरच बोलत होती. मग मल्लम्मानंच आठ दिवस आपल्या वाटणीतलं थोडं थोडं मागं टाकलं, त्यात तुरटी फिरवली, धडप्यातून गाळलं, आणि त्र्याहत्तरच्या चैत्रात एका सोमवारी सकाळी, लिंगाची पूजा आटोपून, तांब्या घेऊन कोंडीरामच्या दारात आली.

अर्धा तांब्या बॉयलरात गेला. बर्नर पेटवला. बऱ्याच वेळानं मोठ्या नळकांड्यानं एक उसासा टाकला, चाक अडलं, आणि फिरलं. तिन्ही दट्टे खालीवर नाचायला लागले. मल्लम्मा जमिनीवर बसून एकटक बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद कोंडीरामनं कधी बघितला नव्हता.

तिनं विचारलं, वीरू कुठं असायचा? त्यानं भिंतीपलीकडं बॉयलरपाशी बोट दाखवलं. आणि तू? त्यानं अलीकडं दाखवलं. म्हातारी पुढं सरकली. दारावरून तिनं बोट फिरवलं, आणि बोट कडीवर थांबलं. रोज शेळ्या कोंडून बाहेरून कडी घालणारी बाई ती. तिला कुणी काय शिकवायचं?

"कडी बाहेरच्या अंगाला हाय," ती म्हणाली. "कुणी लावली?"

इंजिन चाललेलंच होतं. कोंडीराम म्हणाला, "म्या."

"त्यो वाजवत व्हता?"

"व्हय अव्वा. आधी फावड्यानं. मग हातानं."

"आन् पाणी?"

"न्हाय पाजलं."

सात माणसांची गोष्ट, साहेबाच्या हुकमाची गोष्ट, सगळं त्याच्या ओठांवर होतं. बारा वर्षं घोकलेलं. ते त्यानं तिथंच ठेवलं.

मल्लम्मानं नखानं ती कडी काढली, दार उघडलं आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्या दारातून आत ओतलं. "पी लेकरा," म्हणाली. बर्नर फसकन विझला, चाक दोन फेरे फिरून थांबलं. पाणी जमिनीवर पसरलं आणि त्या दुष्काळातल्या जमिनीनं ते बघता बघता पिऊन टाकलं.

त्यानंतर ती दर सोमवारी यायची. बोलायची नाही. अर्धा तांब्या त्या दारात ओतायची आणि जायची. पाऊस आला, कारखान्याची धुरांडी पुन्हा पेटली, उसाच्या गाड्या रस्त्यावर आल्या, तरी तिचा सोमवार चुकला नाही. कोंडीरामनं इंजिन कधी पुसलं नाही. पितळ हिरवं पडलं, दांडा गंजून जाम झाला. लोकांना दाखवण्याजोगी एकच वस्तू त्यानं आयुष्यात केली होती, ती त्याच्या डोळ्यांदेखत सडली. पंचशील म्हणताना जीभ मात्र आता अडखळत नव्हती.

अशी नऊ वर्षं गेली. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात कोंडीराम तापानं अंथरुणाला खिळला होता, पुतळाबाई कामावर गेलेली. मल्लम्मा काठी टेकत आली, इंजिनाच्या दारात पाणी घातलं, आणि पहिल्यांदाच जायला वळली नाही. त्याच्या सुकलेल्या ओठांकडं बघत राहिली. मग तांब्या त्याच्यापुढं धरला, पूर्वी धरायची तसा, हातात घे म्हणून.

कोंडीराम उठून बसला. तांब्याला त्यानं हात लावला नाही. छप्पन्न सालापासून कुणापुढं धरली नव्हती ती ओंजळ त्यानं म्हातारीपुढं धरली.

मल्लम्मानं तांब्या उचलला आणि वरून ओतलं.