ताईचा नारू आणि ग्रीक शब्दांची वही

माझी ताई उतावळी नव्हती.

आज सकाळी ताई गेली. खाप्याला, तिच्या घरी, झोपेतच. दुपारपासून फॅमिली ग्रुपवर सगळे लिहितायत: प्रेमळ होती, कष्टाळू होती, जरा उतावळी होती.

ते 'जरा उतावळी' कुठून आलं हे मला एकटीला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही वाडीला एका खोलीत राहायचो. बाबा ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून. दाराशी दिवसभर ट्रक उभे, खिडकी उघडली की डिझेलचा धूर आत.

ताई बीएस्सी फायनलला, झूऑलॉजी. मी सतरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली.

बाबांनी साफ सांगितलं होतं: या वर्षी पास झाली तर एमएस्सी, नाही तर लग्न.

आणि परीक्षेला महिना असताना तिच्या घोट्यातून नारू निघाला.

आजच्या मुलांना नारू माहीत नसेल. दोऱ्यासारखा लांब जंत. पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून बाहेर यायचा. आदल्या उन्हाळ्यात भिवापूरला एका लग्नात बावडीचं पाणी आम्ही सगळेच प्यायलो होतो. निघाला तिच्या एकटीच्या.

तो काडीला गुंडाळायचा. रोज बोटभर. ओढायचा नाही, कारण तुटला तर आतला तुकडा पाय सडवतो. सगळा निघेपर्यंत खाटेवरून हलायचं नाही.

गुंडाळायचं काम माझं.

तिच्या सरांचा व्हायवा म्हणजे शब्दांचा. जंताचं नाव विचारायचे आणि लगेच, हा ग्रीक शब्द आला कुठून? ताईने लायब्ररीतल्या जाडजूड डिक्शनरीतून सगळं वहीत उतरवलं होतं. मी एका हाताने काडी फिरवायची आणि वहीत बघून विचारायची.

हेल्मिन्स, म्हणजे जंत? वळणारा. "आपलं वळणं आहे न, त्याच घरचं," ती म्हणायची.

टायनिया? फीत, ताणलेली. म्हणजे आपल्या ताणाचा चुलतभाऊ. स्कोलेक्स, वाकडा. आस्कारिस बहुतेक उड्या मारण्यावरून, पण तिथे वहीत प्रश्नचिन्ह होतं.

आणि नारू? ग्रीकांनी त्याला छोटा साप म्हटलं, ड्राकोंटियन. त्यातला ड्राकोन म्हणजे टक लावून बघणारा. संस्कृतातल्या दृश् चा नातेवाईक.

"दिवसभर मी त्याले पाहून राहिली, अन् पाहणारा म्हणे तो," असं म्हणून ती हसली होती.

व्हायवाला चार दिवस राहिले. नारू हातभर बाहेर आला होता. आत किती, ते देवाला ठाऊक.

ती डोळे मिटून शब्द घोकत होती. मी ओढला.

तिला सोडवायला ओढला, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. त्या खोलीचा, त्या धुराचा, तिचं सगळं अंथरुणात करण्याचा. तिच्यापायी मीही अडकले, असं मला वाटायचं.

तुटला.

संध्याकाळी बाबा आले तोवर पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. कोणी तोडला, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ताई बोलली.

"मीच ओढला, बाबा. दम निघाला नाही मले."

"एवढा दम नाही तुले, अन् एमएस्सी करतो म्हणते?"

नंतर मी तिला विचारलं, खोटं काहून बोलली?

"मले तापात कोण मारते? तुले मारलं असतं."

व्हायवाच्या सकाळी ती तापाने फणफणली होती, कॉलेजात जाणं शक्यच नव्हतं. वही काढ, म्हणाली. मग मी सर झाले, एकेक शब्द विचारला. ती एकही चुकली नाही.

मी म्हटलं, पास. ती भिंतीकडे तोंड करून रडली.

पुढच्या वर्षी पुन्हा बसू द्या, असं तिने एकदाच म्हणून पाहिलं. बाबांकडे उत्तर तयार होतं: उतावळ्या पोरीचं काम नाही ते.

मग पाहुणे आले, मुलगी बघायला. पोह्यांच्या बशा उचलता उचलता ती माझ्या कानात म्हणाली, "आले वं, ड्राकोन."

मी हसले. तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

ताईला खाप्याला दिली. पायाने ती कायमची लंगडत राहिली. बाबांना बहुधा रुखरुख लागली, कारण मला त्यांनी कॉलेजात घातलं. मी शिकले, नोकरी केली, पेन्शन घेतेय.

बाबा गेल्यावर मी म्हटलं, आता सगळ्यांना सांगते. ताई नको म्हणाली.

"सारे तुयाकडे कसे पाहतील, मले नाही पाहावणार. मी गेल्यावर सांगजो."

विनू, शालू, तुमच्या आईचा नारू मी तोडला. तिची एमएस्सी मी बुडवली. आणि ती जिवंत असेपर्यंत गप्प राहिले.

सांगितलं वं ताई. जा आता.