इंदूबाई गळ बांधायला बसते

भीमराजचा उजवा हात लकव्याने लुळा पडला, तेव्हा इंदूबाईला हाताचं तेवढं वाटलं नाही. हात काय, एक गेला तर दुसरा आहे. तिच्या जिवाला घोर लागला तो वेगळाच. चार घरी चहा पिऊन, आठ ठिकाणी भांडून येणारा हा माणूस खाटेवर पडून भिंतीकडे तोंड करून राहू लागला. दाढी नाही, बोलणं नाही, आंघोळीला उठवायचं तर दहा हाका. दिग्रसच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पायांना काही झालेलं नाही, माणूस चालता ठेवा. पण चालवायचं कसं? बैल असता तर कासरा धरून ओढला असता.

कापसाचे ते पडते दिवस होते. दिग्रसच्या ज्या जिनिंगमध्ये भीमराज गठाणी बांधायचा, ती भर हंगामात कुलूप लावून बसायची. मग भीमराज अरुणावतीच्या धरणावर जायचा. गळ टाकायचा, शेजारच्या देवीलालशी गप्पा हाणायच्या, आणि संध्याकाळी दोन मासे नि वीस थापा घेऊन घरी यायचं. लकवा झाल्यापासून त्याची बांबूची काठी आढ्याला टांगलेली होती.

एका सकाळी इंदूबाईने ती काठी खाली काढली.

"मी चालली धरणावर," ती म्हणाली. "गळ बांधून देता का?"

"कायनं बांधू? दातानं?" भिंतीकडूनच उत्तर आलं.

"राहू द्या मंग. मले येते गाठ."

येत होतीच. जन्म कापूस वेचण्यात गेलेला. वेचणीच्या बाईची गाठ अशी, की डोक्यावर गाठोडं कितीही हललं तरी सुटू नये, पण वजनकाट्यापाशी पोचलं की एका हिसक्यात मोकळी व्हावी. कारण मागे बायांची रांग असते, आणि मालक तर घाईतच जन्मलेला असतो. सुती कापडाला ही गाठ इमानाने धरते. पण गळाला लावतात तो तंगूस, म्हणजे नायलॉनचा गुळगुळीत दोरा. त्याला ना लाज, ना माया.

कणकेची गोळी लावून तिने गळ टाकला आणि नशीब बघा, घटकाभरात काठी वाकली! देवीलाल पलीकडून ओरडला, "वढा वयनी, वढा!" वयनीने दिला हिसका. गाठ शिकवल्याप्रमाणे मोकळी झाली, आणि मासा गळ घेऊन आपल्या घरी गेला.

देवीलालच्या पोटात गोष्ट राहते होय? तिच्याआधी तो दारात हजर. "जयभीम भीमराजभाऊ! आज वयनीनं मासोळीच्या नाकात फुल्ली घालून देली. लोखंडाची!"

खाट हलायला लागली. इंदूबाई घाबरून धावली, तर भीमराज हसत होता. किती दिवसांनी!

"गाठोडं बांधलं का व तू? मासोळी का काट्यावर मोजाले येते? आन इकडे. घे दुसरा गळ."

अशी शाळा सुरू झाली. मास्तर खाटेवर आडवे, शिष्या जमिनीवर.

"गळाच्या भोकातून तंगूस घाल. आता त्याच्याच अंगाभोवती पाच-सहा वेढे दे. अवं, सैल नोको देऊ! आता शेंडा मागं आन, भोकापाशी थे बारकं फट दिसते ना, त्यातून काढ. थांब, वढू नोको! थुंका लाव आधी."

"थुंका कायले?"

"कोरडी वढली तं तंगूस जळते. मंग मासोळीनं नुसतं शिंकलं तरी तुटते."

इंदूबाईने दाराच्या कडीला गाठी मारल्या, झाऱ्याला मारल्या, चाळणीच्या कानाला मारल्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं भीमराज दिवसातून कितीदा तरी म्हणायचा. पण म्हणताना उठून बसायचा, हे तिने बरोबर हेरलं होतं. मग तिला गळाची गाठ जमली, दोन तंगूस जोडायची गाठही जमली. एके दिवशी तिने मोठ्या ऐटीत गळ पुढे केला. भीमराजने डाव्या हाताने ओढून पाहिला. गाठ हलली नाही.

"जमलं तुले," तो म्हणाला. "जाय आता. आता मी कायले पाह्यजे?"

आणि फिरला भिंतीकडे.

इंदूबाईला रडू आलं. आणि रडू आलं की इंदूबाईला राग येतो. तिने तंगुसाचं रीळ त्याच्या छातीवर आदळलं.

"मले मासोळ्यायचा सोस हाये का? मले तुमी पाह्यजे, धरणावर बसून थापा मारून राह्यलेले! उठा. सवता बांधा."

"डावा हात बहिरा हाये माह्या."

"मंग जोरानं सांगा त्याले!"

तिने गळाचं टोक जुन्या रबरी चपलेत रुतवलं आणि चप्पल त्याच्या पायाखाली सरकवली. पायाने गळ दाबायचा, डाव्या हाताने वेढे द्यायचे, शेंडा दातात धरून ओढायचा. गाठ सुटायची. परत सुटायची. भीमराज हाताला शिव्या द्यायचा, चपलेला द्यायचा, बायकोला तर द्यायचाच. इंदूबाई भाकरी थापत ऐकायची आणि मनातून सुखावायची. मुक्या माणसापेक्षा शिवराळ बरा, बापा.

शेवटी एकदा दाढी करून स्वारी धरणावर निघाली. काठी देवीलालच्या खांद्यावर. काठावर बसून भीमराजने गाठ मारायला घेतली, ती काही केल्या होईना. इंदूबाईचे हात शिवशिवत होते. शेवटी ती आपल्याच हातांवर बसली. झाली एकदाची गाठ. त्याने थुंका लावला, ओढली, आणि डाव्या हाताने गळ फेकला.

काही वेळाने तंगूस ताणला. भीमराजने ओढलं. येईना. आणखी ओढलं.

"मासोळी नोहे थे," देवीलाल म्हणाला. "बुडालेल्या बाभळीत गेला गळ. तोड भाऊ."

गळ झाडात अडकला की भला माणूसही शिव्या देतो. भीमराजचा चेहरा मात्र उजळला.

"सुटत नाई! इंदू, पाह्य ना, सुटत नाई!" त्याने पुन्हा हिसका दिला. "तोडू कायले? माही गाठ हाये थे!"

काठी देवीलालच्या हातात देऊन, पायजमा गुडघ्यावर खोचून, तंगूस धरत धरत तो सरळ पाण्यात शिरला. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेला भिडलं.

"अवो, बुडसान! मागं फिरा!" इंदूबाई काठावरून ओरडली. ओरडता ओरडता तिचे डोळे भरून आले. ज्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढायला तिने जिवाचं रान केलं होतं, त्यालाच ती आता घसा फोडून माघारी बोलावत होती, आणि तो काही केल्या ऐकत नव्हता.