खंजिरी सोडून आयरिश डफ

यंदा होळीच्या पंधरा दिवस आधी मुलगा डब्लिनहून आला तो बाबांसाठी एक डफ घेऊन. तिकडे त्याला बोरान म्हणतात. एका हातात उभा धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या आखूड काठीनं वाजवायचा. यांनी तो हातात घेतला, कातड्यावर बोटं फिरवली, आणि मला कळलं की आता माझं काही खरं नाही.

आमचं बेसा वस्तीतलं भजन मंडळ जुनं आहे. मी गाते, हे खंजिरी वाजवतात. म्हणजे वाजवायचे. दिवाळीनंतर यांच्या छातीत कळ आली, हृदयात स्टेंट टाकावे लागले, आणि त्या दिवसापासून मी खंजिरी कपाटात वर ठेवून दिली. डॉक्टर म्हणाले होते, फिरा, हलकी कामं करा, दम लागेल असं काही नको. खंजिरीबद्दल मी त्यांना विचारलंच नाही. उगाच ‘चालेल’ म्हणाले असते तर काय घ्या.

मुलाच्या डोक्यात वेगळंच होतं. मार्चमध्ये तिकडे त्यांच्या संताचा सण असतो, लोक हिरवे कपडे घालून रस्त्यावर गातात, नाचतात. आपल्या सोसायटीतही धुळवडीच्या संध्याकाळी तीच गाणी वाजवू, असं त्यानं ठरवून टाकलं. तो स्वतः गिटारवर, त्याची एक कॉलेजातली मैत्रीण व्हायोलिनवर, आणि डफावर बाबा.

“डॉक्टरनं काय सांगितलं, आठवते ना तुम्हाले?” मी विचारलं.

“बसून वाजवायचं आहे वं. तू उगाच भिऊन राहिली,” हे म्हणाले.

भीत होतेच मी. रात्री यांचा श्वास ऐकत पडायची सवय लागलेल्या बाईला आणखी काय येणार.

तालीम आमच्याच हॉलमध्ये व्हायची. मी दिवाणावर मेथी निवडत बसायची. राग यायचा, पण पाय ऐकायचा नाही. ती गाणी सहा-सहाच्या ठेक्यात उड्या मारत जातात, आपला दादराच, फक्त चहाऐवजी दारू प्यायलेला. मध्येच मुलाची गिटार गरजायची, रॉक व्हायचं, आणि व्हायोलिन त्यातून वर यायचं. मला आवडत होतं, हे मी कोणाला कळू दिलं नाही. शेवटी लय वाढत जायची, आमच्या गजरासारखी. मग मला यांच्या कपाळावरचा घाम दिसायचा, मी मेथीची काडी धरलेला हात वर करायची, आणि सगळं थांबायचं. “बाबा बरोबर ठिकाणी थांबतात,” मुलगा म्हणायचा. “शेवट त्यांच्यावरच सोडू. आम्ही त्यांच्या मागं.”

धुळवडीला सगळे अंघोळ करून, कानामागं रंग तसाच ठेवून लॉनवर जमले. मी पहिल्या रांगेत बसले नाही. यांच्याकडं पाहणं माझ्यानं होणार नव्हतं. मी पार मागं, गेटजवळ खुर्ची घेतली. गाडीची चावी पर्समध्ये होती, जिभेखाली ठेवायच्या गोळीची पट्टी मुठीत.

सुरुवात छान झाली. पोरं नाचायला लागली, मग त्यांच्या आया, मग सोसायटीचे अध्यक्ष, जे एरवी पार्किंगवरून भांडण्यापलीकडं हलत नाहीत. लय वाढली. आता थांबतील, मी म्हटलं. नाही थांबले. तीच धून परत फिरून आली, आणखी जलद. गिटार चढली, लोकांनी टाळ्या धरल्या. नाचणाऱ्यांच्या डोक्यांमधून मला यांचा चेहरा दिसला. लाल झालेला. तोंड अर्धवट उघडं, नजर पुढच्या रांगेवर कुठेतरी भिरभिरत होती. मुलगा बाबांकडं पाहत होता, व्हायोलिनवाली बाबांकडं पाहत होती, आणि बाबा थांबत नव्हते.

मला आधी राग आला. हट्टीपणा करून राहिलेत, वाटलं. पुढच्याच क्षणी राग गेला. हा माणूस सगळ्यांच्या टाळ्यांमध्ये माझ्यासमोर कोसळणार आणि लोकांना तो नाचाचाच भाग वाटणार. मी उठले. खुर्च्या ढकलत, कोणाच्या तरी पायावर पाय देत पुढं गेले. ओरडून त्या गोंगाटात काही ऐकू गेलं नसतं. मग जे एवढी वर्षं करत आले तेच झालं. मुठीत गोळ्यांची पट्टी तशीच होती आणि मी हात वर केला.

एका थापेवर सगळं बंद.

लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बसवलेलंच आहे. मी यांच्याजवळ गेले, गोळी पुढं केली. यांनी ती घेतली नाही. छातीवर हात ठेवून दम घेत राहिले, आणि बोलता आलं तसं चिडून म्हणाले, “कुठं होती वं तू? केव्हाचा तुहा हात पाहून राहिलो.”

भजन मंडळात गजर कितीही चढला तरी गाणाऱ्याचा हात वर गेल्याशिवाय खंजिरी थांबत नाही. हे एवढी वर्षं त्याच हातावर थांबत आले होते. हॉलमध्येही तेच. आणि मी भीतीनं तो हातच गेटजवळ नेऊन बसले होते.

“बाबा, आता बस करायचं का?” मुलानं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“एक हळूवालं घे,” हे म्हणाले. मग माझ्याकडं पाहिलं, विचारल्यासारखं.

मी खुर्ची ओढली आणि यांच्या अगदी समोर बसले. भीती गेली नव्हती, अजूनही गेलेली नाही. व्हायोलिन सुरू झालं, संथ, आणि यांनी माझ्याकडं बघत पहिली थाप दिली. हात मी मांडीवर दाबून धरला. सारखा उचलावासा वाटत होता, पण गाणं अजून बाकी होतं.