वेल्सचा टोलनाका, वाचनालयाचं टेबल

मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. मसुऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या वाचनालयात दरवर्षी व्याख्यान देतो आणि दरवर्षी चार डोकी झोपवतो. यंदा विषय वेल्सचा. "वेल्स खंय इला?" असं अध्यक्षांनी विचारलं आणि उत्तर ऐकण्याआधीच त्यांचा डोळा लागला.

मागच्या बाकावर मात्र माझा थोरला भाऊ दिसला आणि मी कागदांत डोकं खुपसलं. दशावतारात त्याने जन्मभर बायकांच्या भूमिका केल्या. मी नोकरीला लागलो तेव्हा एकदा तो खेळ आटोपून, डोळ्यांतलं काजळ न पुसता, सकाळी माझा डबा द्यायला शाळेत आला. पोरं हसली. "परत असो येव नको," मी त्याला म्हणालो. त्यानंतर तो शाळेत फिरकला नाही, आणि माफी मागायची माझी कधी हिंमत झाली नाही.

घसा खाकरून मी कागद वाचू लागलो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेल्समध्ये शेतात टाकायच्या चुन्याच्या गाडीलाही जागोजाग टोल पडे. वैतागलेल्या शेतकऱ्यांनी बायकांचे झगे चढवले, तोंडाला काळं फासलं आणि टोलनाके फोडले. आधी नाक्यासमोर छोटंसं नाटक व्हायचं. पुढारी आंधळी म्हातारी, बाकीचे तिच्या लेकी.

"अरे, नाटक असा वाचतत?" भाऊ उठलाच. दशावताराला संहिता नसते. गोष्ट कळली की संवाद आपोआप तोंडी येतात. त्याने टॉवेल डोक्यावरून घेतला, छत्रीची काठी केली आणि चाचपडत माझ्या टेबलाशी आला.

"चेडवांनो, माझे वाटेत ह्या काय आडवा इला गो?"

अध्यक्ष दचकून जागे झाले. "मोडून टाकूया गे आये!"

टेबल आडवं झालं, माझे कागद पंख्याखाली उडाले, रस्त्यावरची माणसं खिडक्यांशी गोळा झाली. माझं व्याख्यान पहिल्यांदाच रंगलं, तेही माझ्याशिवाय.

नंतर चहा पिताना भावाने हळूच विचारलं, "त्या झगेवाल्यांका कोण हसलो नाय?"

"नाय. सरकार भियाला."

तेवढ्यात, मी नोकरी केली त्याच शाळेचे आताचे मुख्याध्यापक जवळ आले. "उद्या हाच नाका आमच्या मुलांसमोर फोडा."

भावाने माझ्याकडे पाहिलं. "येतंय. काजळ लावचंय नाय."

मी कप खाली ठेवला. "दादा, तेव्हा माझा चुकला. काजळ लाव, आणि बरा जाड लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकात त्याची वाट बघत उभा होतो, हातात त्याचा डबा घेऊन.