सहावा सेकंद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या बाईला तर नाहीच. पण त्याआधी मला थोडी फुशारकी मारू द्या. तिच्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही — आणि खरं सांगू का? मला ती मारायला आवडतं.

मी दातांची डॉक्टर आहे, पण दात काढत नाही आणि भरतही नाही. मी एक्स-रे वाचते. नागपुरात एका डेंटल कॉलेजात तीस वर्षं हेच शिकवलं, आणि सकाळी कॉलेजला जाण्याआधी महाल भागातल्या माझ्या छोट्या खोलीत बसून हेच केलं. लोकांना वाटतं, जबड्याच्या फोटोत काय दिसणार? कीड दिसेल, फार तर पू दिसेल. अहो, माणसाचं अख्खं शरीर दिसतं त्यात. सिकलसेलच्या पेशंटच्या जबड्यात हाडाची जाळी शिडीच्या पायऱ्यांसारखी दिसते. मी ती दाताच्या दुखण्यासाठी आलेल्या एका मुलीत पाहिली आणि तिला रक्त तपासायला पाठवलं, तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा आजार कळला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तो माझा धंदाच आहे.

आणि मला पाच सेकंद लागतात. म्हणजे लागायचे. ही कॉलेजातली प्रथाच होऊन गेली होती. मी फिल्म दिव्याच्या पेटीवर ठेवायची, विद्यार्थी मनातल्या मनात मोजायचे, आणि पाचाच्या आत मी निदान सांगायची. नवीन बॅच आली की जुनी बॅच त्यांना आधी हे बघायला आणायची. मी वरवर म्हणायची, अरे, हा काय तमाशा आहे? आणि आतून ताठ होऊन बसायची. ज्या विभागात माझ्या आधी एकही बाई प्राध्यापक नव्हती, तिथे मी ही जागा नुसत्या नजरेवर मिळवली होती. त्याचा अभिमान मला तेव्हा होता, आजही आहे. या कागदासाठीही तो मी सोडणार नाही.

आता सुलोचनाबाईंबद्दल सांगते.

त्या सावनेरजवळच्या एका गावच्या अंगणवाडी सेविका. बायकांना दवाखान्यात पाठवणं, लेकरांची वजनं करणं, कोणाला दिवस गेलेत, कोणाची गोळी चुकली, सगळं तोंडपाठ. त्या पहिल्यांदा माझ्यासमोर बसल्या तेव्हा डावा गाल सुजलेला होता आणि एक पाय आखूड पडत होता. चार महिन्यांपूर्वी अंगणवाडीच्या उंबऱ्यावर घसरून मांडीचं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं होतं. जबड्यात गाठ होती. तिचा तुकडा तपासून झाला होता, आणि आमचे सर्जन जबड्याचा तो भाग कापून काढायच्या तयारीत होते. तारीखही ठरली होती.

मी त्यांच्या अख्ख्या जबड्याचा मोठा फोटो पेटीवर लावला. तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवते — प्रत्येक दाताच्या मुळाभोवती हाडात एक बारीक पांढरी रेघ असते, कुणी रांगोळीच्या चिमटीनं ओढावी तशी. सुलोचनाबाईंच्या एकाही दाताभोवती ती रेघ नव्हती. मी सर्जनला फोन केला आणि म्हटलं, सुरी खाली ठेवा, आधी रक्तातलं कॅल्शियम बघा. ते भलतंच वाढलेलं निघालं. गळ्यात तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यातली एक फुगून बोराएवढी झाली होती आणि बाईच्या सगळ्या हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात सोडत होती. ती ग्रंथी काढली. जबड्याला कुणी हातही लावला नाही, गाठ आपली आपण विरली, हाड भरून आलं. वर्षभरात प्रत्येक दाताभोवती ती पांढरी रेघ परत उमटली. मी ती पाहिली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पाणी खरं होतं.

या केसनं माझं नाव झालं. परिषदांमध्ये बोलावणी आली. आणि दर वर्षी मी सुलोचनाबाईंना वर्गात बोलावू लागले. त्या बसनं येतात, काठी टेकत व्याख्यानाच्या खोलीत शिरतात, मुलं उठून उभी राहतात. मी फोटो दाखवते. मग त्या बोलतात, दर वर्षी तेच आणि दर वर्षी मनापासून:

"मॅडमनं माया जबडा वाचवला. पाय गेला तो मायाच चुकीनं. गावातल्या बायाईले मी सांगत फिरत होती, वेळेवर दवाखान्यात जा वं. अन् सोतावर आली तं हाडं दुखत असूनबी गप बसली. मीच उशीर केला. तुमी पोरंहो, पेशंटले समजावून सांगत जा."

मुलं लिहून घेतात — रुग्ण उशिरा आली. माझ्या स्लाइडवरही तेच लिहिलेलं असतं. मीच टाइप केलंय ते.

इथपर्यंत तुम्हाला वाटत असेल, मग यात लपवण्यासारखं काय आहे? बाई म्हणते तेही बरोबर, तुम्ही केलंत तेही बरोबर. सगळ्यांना तसंच वाटतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेव्हा मोबाईलवर फोटो पाठवायची सोय घरोघरी नव्हती. सावनेर, मौदा, उमरेड इथले दातांचे डॉक्टर शंका आली की फिल्म पाकिटात घालून सकाळच्या एसटीनं पाठवायचे. माझा माणूस स्टँडवरून पाकिटं आणायचा, मी वाचायची, रिपोर्ट लिहायची, दुपारच्या गाडीनं फिल्म आणि रिपोर्ट परत जायचे. नखाएवढ्या फिल्मा त्या. कुणाकडे धुवायचं औषध जुनं झालेलं, कुणाकडे पाणी नाही. बऱ्याच फिकट यायच्या, धुरकट यायच्या. मी त्यांच्यावर विनोद करायची.

मांडी मोडण्याच्या चार महिने आधी सावनेरहून एक पाकीट आलं होतं. त्यावर नाव होतं सुलोचनाबाईंचं. दोन दात हलतात, हिरडी दुखते, एवढीच तक्रार. त्यांना बिचाऱ्यांना आजही माहीत नाही की तो दाताचा फोटो नागपूरला गेला होता. त्यांना वाटतं, गावच्या डॉक्टरनं काढला आणि त्यानंच पाहिला.

सकाळची वेळ होती. मी दमलेली नव्हते, घाईत नव्हते, आजारी नव्हते — हे मुद्दाम लिहिते. समोर कॉलेजातले तीन इंटर्न बसले होते, येताना चौकातून तर्री-पोहे घेऊन आले होते. त्यांना बघायचं होतं. मी फिल्म उचलली, पेटीवर ठेवली, आणि चौथ्याच सेकंदाला म्हणाले, हिरडीचा आजार, दोन्ही दात काढा, हाडात विशेष काही नाही. मुलं हसली, एकानं टाळी दिली. मी रिपोर्ट लिहायला पेन उचललं.

बस्स, एवढंच? नजरेतून सुटलं?

नाही. आत्ता लिहिताना वाटलं होतं की इथेच थांबावं. नजरेतून सुटलं, हे कुणीही माफ करतं. देवाच्या नजरेतूनही सुटत असेल. पण माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं.

पेन उचलता उचलता मी फिल्मकडे पुन्हा पाहिलं. त्या फिल्ममध्ये चार दात होते. चारांपैकी एकाभोवतीही पांढरी रेघ नव्हती. हिरडीच्या आजारात वरच्या टोकाशी ती जाते, मान्य. मुळाच्या बुडापर्यंत, चारही दातांची — कशी जाईल? हा प्रश्न माझ्या मनात आला. नीट, स्पष्ट, शब्दांत आला. तो सहावा सेकंद होता.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — थांबा रे, मी चुकले, पुन्हा बघू. तीन पोरांसमोर. तर्री-पोहे खाणाऱ्या तीन पोरांसमोर.

मी म्हणाले, सावनेरची फिल्म आहे, धुता धुता अर्धा जबडाच धुऊन टाकलाय. पोरं पुन्हा हसली. आणि मी तसाच रिपोर्ट लिहून खाली सही केली.

दोन दात काढले गेले. बाईंना सांगितलं गेलं, हिरड्यांचं होतं, झालं. म्हणून हाडं दुखत राहिली तरी त्या गप्प बसल्या — तपासणी तर झालीच होती ना? आणि एके दिवशी लेकरांचा वजनकाटा हातात घेऊन उंबरा ओलांडताना पाय घसरला, आणि आतून पोखरलेलं हाड मोडलं. म्हणतात, गर्वाचं घर खाली. माझं घर तर वरच राहिलं. खाली पडल्या त्या सुलोचनाबाई. घरोघरी चालत जाणं जमेना, तेव्हा त्यांनी अंगणवाडी सोडली. तेवीस वर्षांचं काम होतं ते.

मोठ्या फोटोत मी ती रेघ इतक्या झटकन कशी हेरली, असं मला परिषदेत कुणीतरी विचारलं होतं. काय सांगणार? ती नाहीशी झालेली रेघ मी आठ महिने डोक्यात घेऊनच फिरत होते. पेशंटचं नाव वाचलं आणि मी सर्वांत आधी तीच शोधली.

सावनेरच्या डॉक्टरनं एकदा फोनवर विचारलं होतं, अगदी भीत भीत. "मॅडम, पहिल्या टाइमले आपण ते फिल्म पाह्यली होती नं? त्याच्यात काही दिसून नव्हतं राहिलं का?" मी म्हटलं, एवढ्याशा फिल्मवर ते दिसत नसतं. त्यानं मान्य केलं. माझ्या शब्दावर शंका घ्यायची कुणाची हिंमत? हे मी स्वतःच बांधलं होतं, इतक्या वर्षांच्या मेहनतीनं. ते मला उपयोगी पडलं.

ती फिल्म मी परत पाठवली नाही. टेबलाच्या खणात आहे. आताही समोर आहे. खिडकीच्या उजेडाला धरली की कोणीही सांगेल, फिल्म फिकट नाही. चांगली धुतलेली आहे. सावनेरच्या त्या डॉक्टरचं काम स्वच्छ होतं.

परवा माझ्या निवृत्तीचा कार्यक्रम झाला. सुलोचनाबाई आल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं, कळलं म्हणून आल्या. मंचावर चढायला त्यांना दोघांनी हात दिला. माझ्या नजरेबद्दल बोलल्या, जबड्याबद्दल बोलल्या. मग आपल्या मुलीकडे पाहून, हसत म्हणाल्या, "हे पोरगी मले अजूनबी बोलते, आई तूच काहून उशीर केला म्हून." सगळे हसले. मुलगी हसली नाही. मी माईकपासून दोन हातांवर उभी होते, आणि शालीचं टोक नीट करत राहिले.

अभिमान आजही आहे. पाच सेकंदांत मी जे पाहिलं, ते या शहरात फार थोड्यांनी पाहिलं असेल, आणि त्या जबड्यावरची सुरी मीच थांबवली, हेही खरं आहे. त्यातलं काहीही मी परत देत नाही. पण हिशेबात एक सेकंद कमी धरला होता, तो आता इथे मांडते.

मी आयुष्यभर रिपोर्ट इंग्रजीत लिहिले. हे मात्र मराठीत लिहिलं, कारण सुलोचनाबाई वाचतात. अंगणवाडीत बायकांना पेपर त्याच वाचून दाखवायच्या. याची पहिली प्रत आणि ती नखाएवढी फिल्म, दोन्ही एका पाकिटात घातली आहेत. पाकीट सकाळच्या सावनेरच्या गाडीनं जाईल. आत रिपोर्टचा एक कागदही आहे, माझ्या सहीचा. जुना रिपोर्ट रद्द करून नवा लिहिलाय. तो असा:

चारही दातांभोवतीची रेघ नाहीशी. आजार पहिल्याच फिल्ममध्ये स्पष्ट दिसतो. वाचणारीला दिसला होता. रुग्ण वेळेवर आली होती.