हिंगोलीचा पियानोवाला

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पाय महिनाभरात सुधारला, वाचा शाबूत होती, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान होतं. दर गुरुवारी मंदिरातल्या भजनाला पेटीवर तेच बसायचे. आजारपणानंतर त्यांनी आपली पेटी कपाटावर ठेवायला लावली आणि वर चादर टाकायला सांगितली.

"पेटीतलं वारं समदं माझ्याच अंगावरून गेलं बघ," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा. आईसारखं पदरात तोंड खुपसून रडणं मला कधी जमलं नाही; मला वाईट वाटलं की मी भांडी आदळते.

एका दुपारी रेडिओवर एका पियानोवादकाची हकीकत लागली होती. माणूस हंगेरीचा. अण्णा झोपले होते, ते मध्येच जागे झाले आणि ऐकू लागले. खरखर फार होती. नदीकाठचं शहर, आईजवळ घेतलेले पहिले धडे, मग गावात शिरलेले सैनिक. घरातला पियानो गेला, तर हा मुलगा जेवणाच्या टेबलावर बोटं आपटून रियाज करायचा. पुढे मोठं नाव झालं, देशोदेशी मैफली झाल्या, आणि ऐन भरात उजव्या हाताची बोटं आखडली. लोक म्हणाले, संपला. त्यानं शिष्य घडवले, नुसत्या डाव्या हातानं वाजवलं, आणि केस पिकल्यावर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवायला लोकांसमोर बसला. शेवटी दोन मिनिटं त्याचं वादन ऐकवलं.

अण्णा बाजेवर उठून बसले होते. "ऐकलंस का माय? हिंगोलीचा माणूस हाये!"

मी रेडिओ बंद केला.

"नदी म्हणजे आपली कयाधू. अन् ते सैनिक म्हणजे रझाकार. बराबर जुळून राह्यलं समदं."

कोणाची चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तोंड उघडलंही होतं मी. पण अण्णांच्या डाव्या हाताची बोटं चादरीच्या काठावर चालत होती, सा रे ग म करत. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"हो, हिंगोलीचाच," मी म्हणाले.

संध्याकाळी पेटी खाली आली. पेटीला दोन हात लागतात, एक सुरांना आणि एक भात्याला. अण्णांचा डावा हात सुरांवर, आणि भाता हलवायला समोर मी. माझा भाता कधी धापा टाकायचा, कधी पेंगायचा.

"अगं, चूल फुंकून राह्यली का तू?" अण्णा ओरडायचे. ओरडणं ऐकून आई स्वयंपाकघरात खुशीत असायची. हिंगोलीवाला तर आता घरातलाच झाला होता. डावी बोटं अडखळली की अण्णा म्हणायचे, "त्याला नुसता टेबल होता, मला तर पेटी हाये." हळूहळू उजव्या मुठीत पेला धरता यायला लागला.

दिवाळीनंतर एक दिवस मी कॉलेजातून आले तर अण्णा घरात नाहीत. आई म्हणाली, त्या पियानोवाल्याच्या पाया पडायला हिंगोलीला गेले, एकटेच, एसटीनं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिंतूर, मंठा करत धुळीनं माखून परत आले.

"न्हाई भेटला. स्टँडवर विचारलं, बँडवाल्याला विचारलं, भजनी मंडळात विचारलं. कोणालाच पत्ता न्हाई. एवढा मोठा माणूस अन् गावाला बिलकुल किंमत न्हाई!"

त्यांचे डोळे भरले होते, त्या माणसासाठी. मला राहवलं नाही. "अण्णा, हिंगोली न्हाई हो. हंगेरी. समुद्राच्या पलीकडं, युरोपात. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं." आणि शाळेतला जुना नकाशा काढून बोट ठेवून दाखवलं.

अण्णांनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग उठून पेटीवर चादर टाकली.

दोन दिवस घरात सूर निघाला नाही. आपण खोटं बोलून बापाला उठवलं आणि खरं बोलून पुन्हा निजवलं, असं वाटून मी दोन दिवस भांडी आदळत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी हाक मारली.

"माय, तितक्या लांब बी माणसाचा हात असाच जातो का?"

"असाच जातो, अण्णा."

"अन् परत येतो?"

"त्याचा आला."

त्यांनी चादरीकडे बोट दाखवलं. "मंग काढ पेटी."

मी चादर काढली, समोर भात्याला बसले. अण्णांनी माझा हात बाजूला सारला. डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून भात्यावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहून म्हणाले, "चल रे, हिंगोलीवाल्या."