मुठीत मावणारा फोन

रकियाच्या दुकानात फोन घ्यायला आलेल्या माणसाला आधी हात दाखवावा लागे.

"हात पुढे कर," ती म्हणायची. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडून तळवा पुढे करायचं. ती त्याचा अंगठा धरून ताणून बघायची, मागच्या फळीवरून एखादा फोन काढून त्या तळव्यावर ठेवायची आणि सांगायची, "आता अंगठ्याने वरचा कोपरा गाठ. दुसरा हात लावायचा नाही." अंगठा पोचला की तिचा चेहरा खुलायचा. नाही पोचला की फोन परत फळीवर.

समोरचा चार्जरवाला नावामागे मानाचं 'लल्ला' लावून ओरडायचा, "लल्ला रकिया, लग्न कधी होईल तेही सांग की त्याला!"

"त्याचं होईल, तुझं राहील," ती मान वर न करता म्हणायची.

कासाब्लांकातल्या दर्ब घल्लेफच्या बाजारात, पत्र्याखालच्या तिसऱ्या गल्लीत, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं तिचं दुकान. ते मूळचं तिच्या वडिलांचं. ते घड्याळं दुरुस्त करत. तिघे मुलगे एकेक करून फ्रान्स-बेल्जियमला गेले आणि बापाचे डोळे अधू झाले तेव्हा बाकावर येऊन बसली ती ही एकोणीस वर्षांची मुलगी. बाईच्या हाती घड्याळ द्यायला तेव्हा कोणी धजत नसे. लोक विचारत, "उस्ताद कुठे आहेत?" रकिया म्हणायची, "जेवायला गेलेत, ठेवून जा." उस्ताद पडद्यामागे बसून पुदिन्याचा चहा पीत असत. संध्याकाळी ती घड्याळ परत करायची नि वर सांगायची, "उस्तादांनी स्वतः केलंय." वर्षभराने एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "या वयात उस्तादांचा हात सुधारतोय हं!" त्यावर पडद्यामागे म्हाताऱ्याला असा ठसका लागला की सगळं बिंग फुटलं. त्या दिवसापासून पडदा निघाला.

पुढे घड्याळं आटली, फोन आले, आणि रकिया फोन उघडायला शिकली. वाटाण्याएवढ्या जागेत कितीतरी चाकं फिरताना बघत वाढलेली बाई ती, तिला लहान वस्तूचंच कौतुक. पण फोन मात्र वर्षागणिक फुगत चालले. आधी खिशाबाहेर डोकावू लागले, मग खिशात जाईनात. लहान फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी एकामागून एक हात आखडता घेतला. रकिया तीन मेलेल्या लहान फोनांतून एक जिवंत करायची, पण तसे मेलेलेही आता मिळेनासे झाले होते.

आणि मागणारे तर रोज येत. बाजाराच्या तोंडाशी मसेमनच्या घडीच्या पोळ्या भाजणारी हद्दा हे त्यांतलं पहिलं नाव. तिचा उजवा हात सकाळपासून तेलापिठात. ती डाव्या हाताने फोन काढायची, बोलायची, पायघोळ जेलाबाच्या खिशात परत टाकायची, आणि तव्यावरची पोळी तेवढ्यात करपलेली नसायची. "हा मेला ना रकिया, तर मी धंदा बंद करीन," ती म्हणायची.

एका दुपारी सी ताहर चहाला आला. बंदरातून खोकी उतरवून सगळ्या बाजाराला फोन पुरवणारा हा ठोक व्यापारी. पोट पुढे, एकेका हातात ताटलीएवढा एकेक फोन.

"सी ताहर, लहान फोन का आणत नाहीस?" रकियाने नेहमीचंच विचारलं.

"कारण कोणी घेत नाही."

"रोज दहाजण मागतात माझ्याकडे!"

"मागतात गं." त्याने चहाचा पेला उंचावरून भरला. "माणूस तोंडाने लहान मागतो आणि डोळ्यांनी मोठा घेतो. वीस वर्षं बघतोय मी. तुझे ते दहाजण तुझ्याकडून निघतात, पहिल्या गल्लीत जातात आणि हा एवढा मोठा घेऊन घरी जातात."

"खोटं."

"बरं, खोटं." ताहर हसला. "एक छोटी कंपनी आहे, अजून बनवते मुठीत मावणारे. पण दोनशेच्या खाली ते बोलत नाहीत. तू मला दोनशे नावं आणून दे, मी माल आणतो. नाही खपला तर उचलून दक्षिणेकडे धाडीन, तुझं काही अडणार नाही. फक्त मग माझ्यासमोर लहान फोनाचा ल काढायचा नाही."

"आण वही," रकिया म्हणाली.

पुढचे पाच आठवडे ती नावांच्या मागे हात धुऊन लागली. हमामात अंगाला साबण लावता लावता शेजारणीला विचारलं. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना खुणेने विचारलं. तिचा नवरा मिलूद लाल टॅक्सी चालवायचा. त्याने दुसरी वही गाडीच्या काचेखाली ठेवली आणि उतारूंना विचारू लागला. पहिल्याच दिवशी एका बाईला म्हणाला, "बाईसाहेब, तुमचे हात लहान आहेत का हो?" ती सिग्नलला दार उघडून निघून गेली.

"अरे, आधी फोनाचं बोलायचं, मग हाताचं!" रकिया कपाळावर हात मारून म्हणाली.

"मला वाटलं, सुरुवात गोड करावी."

तरीही त्याच्याच वहीत नव्वद नावं झाली. दोन्ही मिळून दोनशे एकतीस. सी ताहरने ती पानं चाळली, भुवया उंचावल्या आणि शब्द पाळला. दोन महिन्यांनी माल आला.

माल आला त्या शनिवारी रकियाने हातांना मेंदी लावली होती, बदामाच्या करंज्यांची दोन ताटं मांडली होती. काळे, पांढरे, निळे फोन फळीवर ओळीने. ती एकेक उचलून त्यावर मूठ मिटायची आणि उघडायची. सकाळी गर्दी झाली. दुपारी ओसरली. संध्याकाळी बाजार बंद व्हायची वेळ झाली तेव्हा एकतीस फोन गेले होते आणि करंज्यांचं एक ताट चार्जरवाल्याने संपवलं होतं.

तिने वहीतल्या नावांना फोन लावले. एक म्हणाली, मुलगी हसते मला, म्हणते हे काय खेळणं. एकाला बँकेचं काम मोठ्यावर बरं पडतं म्हणे. एकाने तर चक्क सांगितलं, "मावशी, तुम्ही इतक्या प्रेमाने विचारलंत, नाही कसं म्हणणार?"

सगळ्यात जास्त लागलं ते हद्दाचं. ती फिरकलीच नव्हती. सोमवारी रकिया स्वतः तिच्या गाड्यापाशी गेली. हद्दाचा उजवा हात पिठात होता, आणि तेलाच्या डब्याला टेकवून एक भला थोरला फोन उभा होता. पडद्यावर पाच-सहा वर्षांचा एक पोरगा काहीतरी बडबडत होता.

रकियाला पाहून हद्दा चपापली. "ल्योंहून पाठवला मुलाने," ती घाईघाईने म्हणाली. "मी मागितला नव्हता गं. अल्लाशपथ."

"तुझं नाव पहिलं होतं, हद्दा."

"ठाऊक आहे." हद्दाने पोळी उलटली, उगाचच पुन्हा उलटली. "रकिया, त्या छोट्या फोनात माझा नातू मसुराच्या दाण्याएवढा दिसायचा. मी हो हो म्हणायची, पण मला काही दिसत नव्हतं. काल त्याने दात पडलेला दाखवला. मला हिरडी दिसली, हिरडीवरचं रक्त दिसलं. मी इथे रस्त्यात ओरडले, गुळण्या कर म्हणून! तीन वर्षांत पोराला मांडीवर घेतलेलं नाही मी. आता मला सांग, मी काय करू?"

रकिया पडद्याकडे वळली. पोरगा पडद्यावरून तिलाही तोंड वासून खिंडार दाखवत होता. तिने ते वाकून नीट पाहिलं, "वा रे बहाद्दर," म्हणाली, हद्दाने पुढे केलेली मध लावलेली पोळी उभ्या उभ्या खाल्ली आणि परत आली.

रात्री घरी तिने सूप वाढलं. मिलूदने जेवताना विषय काढला.

"त्या वहीतली माणसं खोटारडी नव्हती गं. विचारलं तेव्हा त्यांना खरंच लहान हवा होता. नंतर मन बदललं. तूसुद्धा आधी त्या पत्रेवाल्याच्या मुलाला लग्नाला हो म्हणालीच होतीस ना?"

"दोन दिवस फक्त."

"तेच म्हणतोय मी. दोन दिवस खरंच म्हणाली होतीस."

रकियाला हसू आवरेना. सुपाचा घोट नाकात गेला.

दुसऱ्या दिवशी सी ताहर आला. टोमणा मारायची तयारी करूनच आला असावा, पण तिचं तोंड पाहून नुसतं म्हणाला, "उचलू माल? गाडी जातेय दक्षिणेला."

"राहू दे."

"किती दिवस?"

"संपेपर्यंत."

"हट्टी बाई आहेस."

"उस्तादांची मुलगी आहे," ती म्हणाली. ताहर मान हलवत निघून गेला आणि खोकी तिथेच राहिली.

त्याच आठवड्यात बुअज्जा आला. पालिकेच्या कचेरीतला हा कारकून, चाळिशीचा, लहानपणच्या आजाराने उजवा हात लुळा पडलेला. त्याचं नाव वहीत नव्हतं. "आमच्या कचेरीतल्याने सांगितलं होतं वहीचं," तो म्हणाला. "मीच म्हटलं, असल्या गोष्टी होत नसतात."

रकियाने निळा फोन त्याच्या डाव्या हातात ठेवला. त्याने बोटं मिटली. अंगठा एका कोपऱ्यात नेला, मग समोरच्या, मग खाली. असं दोनदा केलं.

"मोठ्या फोनावर लिहायचं तर तो टेबलावर ठेवावा लागतो मला," तो म्हणाला. "बसमध्ये टेबल कुठून आणू? बायको निरोप पाठवते, मी उत्तर देत नाही. घरी पोचेपर्यंत तिला वाटतं, मी रुसलोय. अकरा वर्षं झाली, रोजचं भांडण."

रकियाने त्याचं कार्ड नव्या फोनात घातलं. तो दुकानाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात, उभ्यानेच लिहायला लागला. निरोप गेला. थोड्या वेळाने उत्तर आलं. ते वाचून तो इतका जोराने हसला की चार्जरवाला उठून बघायला आला. बुअज्जाने फोन रकियापुढे धरला. बायकोने लिहिलं होतं: "तुम्ही कोण? हा फोन माझ्या नवऱ्याचा आहे, तो घरी आल्याशिवाय उत्तर देत नाही. त्याला काही झालंय का?"

"आता लवकर लिही बाबा," रकिया म्हणाली, "नाहीतर ती पोलिसांत जाईल."

त्यानंतर फोन एकेक करून जाऊ लागले. घेणाऱ्यांतलं जवळपास कोणीच वहीतलं नव्हतं. गळ्यात बाळ बांधून फिरणारी एक आई आली. मधमाश्या पाळणारा एक जण आला, त्याला हातमोजा एकच काढायचा असायचा. एक निवृत्त न्यायाधीश आले. म्हणाले, मोठ्या फोनाने माझी वाचनाची सवय खाल्ली, मला बघवणारच नाही असा फोन द्या. रकियाने त्यांना सांगितलं, बघवेल साहेब, पण कंटाळा लवकर येईल. ते खूश होऊन घेऊन गेले.

एक गोष्ट मात्र बदलली. रकिया आता हाताआधी माणसाची चौकशी करू लागली. काय काम करतोस, कोण कुठे परदेशात आहे, डोळे कसे आहेत. एका आजीबाईंनी हौसेने पांढरा फोन उचलला तेव्हा तिने तो काढून घेतला. "नातवंडं कुठे आहेत?"

"ब्रसेल्सला."

"मग हा नको. पहिल्या गल्लीत जा, मोठा घ्या. माझं नाव सांगा, फसवणार नाहीत."

चार्जरवाला म्हणाला, "हे काय, आपलंच गिऱ्हाईक हाकललंस?"

"तिला नातवाचे दात बघायचेत," रकिया म्हणाली.

शेवटचा फोन जायला एक वर्ष सात महिने लागले. तो घेतला ट्रामच्या महिला चालकाने, तोही फळी पुसताना मागे सापडला म्हणून. रकियाने त्याच दुपारी ताहरला बोलावून रिकामी फळी दाखवली. त्याने फळीकडे पाहिलं, तिच्यावरून बोट फिरवलं आणि बसला.

"दोनशे पुन्हा नाही आणणार मी," तो म्हणाला.

"मी कुठे मागितले?"

"कंपनीशी बोललोय. आता ते पन्नासही देतात. दोनशे एकदम खपत नाहीत हे त्यांनाही कळून चुकलंय." त्याने घसा खाकरला. "पन्नास मागवतो. त्यातला एक बाजूला ठेव."

"कोणासाठी?"

ताहरने गल्लीत कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "बायकोसाठी. मी दिलेला मोठा फोन ती पडल्या पडल्या बघते. परवा नाकावर पडला. नाक एवढं सुजलं, आणि शिव्या मला."

"रंग कुठला?"

"तिने निळा सांगितलाय. आणि तुला सांगायचं नाही असंही सांगितलंय."

तेव्हापासून दर वसंतात पन्नास फोनांचं एक खोकं तिसऱ्या गल्लीत येतं. एखाद्या वर्षी रमझानच्या आतच फळी मोकळी होते, एखाद्या वर्षी डझनभर उरतात आणि त्यांच्यावर पुढच्या वर्षीचे येऊन बसतात. परवा बुअज्जा बायकोला घेऊन आला होता. तिला तिचा स्वतःचा हवा होता. म्हणाली, हा बसमधून इतकं लिहितो की मला चुलीपाशी एका हाताने उत्तरं द्यावी लागतात. रकियाने तिच्यापुढे तीन रंग मांडले, बसायला स्टूल दिलं आणि आधी चहा ओतला.